न्यायालय उठले, हुकूमनामा उरला

निलंगा तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याने विचारले आहे: आजोबांच्या लोखंडी पेटीत उर्दूत लिहिलेला एक हुकूमनामा, म्हणजे न्यायालयाची डिक्री, सापडला. साल १३५६ फसली. दावा वाटणीचा होता आणि आजोबांना तिसरा हिस्सा ठरवून दिलेला दिसतो. मोहरेवर मुन्सिफ, म्हणजे खालच्या पायरीच्या दिवाणी, न्यायालयाचे नाव आहे, सोबत एका जागिरीचे. त्या गावात आज न्यायालय नाही, म्हाताऱ्या माणसांनाही ते आठवत नाही. भावकी म्हणते, "कोर्टच उठलं, मग त्याचा कागद कशाचा?" ते न्यायालय कधी आणि का बंद झाले, आणि आता कुणाच्या दारात जायचे, हे त्यांना हवे आहे. कागदाच्या पुढच्या बाजूचा फोटो त्यांनी सोबत पाठवला आहे.

तीस वर्षांहून अधिक काळ मी मराठवाड्यात दिवाणी दावे चालवतो आहे आणि त्यातला बराच काळ जुन्या जमिनीच्या कागदांत गेला. भावकीचे हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की सुरुवात तिथूनच करतो. ते चूक आहे. न्यायालय उठते तेव्हा त्याचे काम कुणाच्या तरी पदरात टाकलेले असते. ते कुणाच्या पदरात पडले हे शोधायचे असते, एवढेच.

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ चे कलम ३७ नेमके याच अडचणीसाठी आहे. ज्या न्यायालयाने हुकूमनामा दिला ते अस्तित्वात उरले नसेल, किंवा त्याला हुकूमनाम्याच्या बजावणीचा, म्हणजे अंमल करण्याचा, अधिकार उरला नसेल, तर तोच दावा आज दाखल करायचा झाल्यास ज्या न्यायालयात गेला असता, ते न्यायालय 'हुकूमनामा देणारे न्यायालय' समजले जाते. जमिनीचा दावा जमीन जिथे आहे तिथल्या न्यायालयात दाखल होतो, हे कलम १६ सांगते. तुमची जमीन निलंगा तालुक्यात आहे, म्हणून तुमचे दार निलंग्याच्या दिवाणी न्यायालयाचे. मोहरेतले गाव पुढे बिदरच्या बाजूला, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेले असते तरी उत्तर हेच राहिले असते. कलम १५० त्याच्या जोडीला आहे: एका न्यायालयाचे काम दुसऱ्याकडे वर्ग झाले की पहिल्याचे अधिकार आणि पहिल्याची कर्तव्ये, दोन्ही दुसऱ्याकडे जातात. कर्तव्येसुद्धा जातात, हे लक्षात ठेवा. 'हे आमच्या न्यायालयाचे नाही' असे काउंटरवर सांगून तुम्हाला परत पाठवता येत नाही.

हुकूमनामा जिवंत आहे म्हणजे त्याने आज काय वाटेल ते मिळेल असे मात्र नाही. त्याकडे पुढे येतो. आधी ते न्यायालय गेले कुठे ते पाहू, कारण ते कळल्याशिवाय मिसल, म्हणजे दाव्याची फाइल, सापडणार नाही.

१३५६ फसली म्हणजे ऑक्टोबर १९४६ ते ऑक्टोबर १९४७. हैदराबादचे फसली वर्ष आजूर महिन्यापासून, म्हणजे ६ ऑक्टोबरला सुरू व्हायचे. म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबरमधल्या तारखेसाठी फसली सालात ५९० मिळवायचे आणि जानेवारीनंतरच्या तारखेसाठी ५९१. ही एका वर्षाची चूक रेकॉर्ड रूममध्ये फार महागात पडते. माणसे चुकीच्या सालाची नोंदवही चाळतात आणि 'नोंद नाही' म्हणून परत येतात. मोहरेखाली तारीख असेल, तर महिन्याचे नाव नीट वाचून घ्या. आजूर, दय, बहमन हे सुरुवातीचे महिने. मेहर आणि आबान शेवटचे.

त्या काळी सारी मोगलाई, म्हणजे निजामाचे राज्य, एकसारखी नव्हती. काही मुलूख थेट सरकारचा, काही सर्फ-ए-खास म्हणजे निजामाच्या खासगी मालकीचा, आणि बाकीचा पायगा (निजामाच्या मोठ्या सरदारांचा मुलूख) व जागिरींचा. १९२१ च्या सुमारास निजामाने न्यायखाते महसुलापासून वेगळे केले आणि सरकारी मुलुखात मुन्सिफ, जिल्हा न्यायालय आणि हैदराबादला मुसी नदीकाठची अदालत-ए-आलिया म्हणजे उच्च न्यायालय अशी उतरंड होती. पण मोठ्या जागिरदारांना त्यांच्या मुलुखात पोलीस आणि न्यायालये चालवायचे अधिकार होते. तुमच्या मोहरेवर जागिरीचे नाव आहे, त्यावरून ते न्यायालय याच प्रकारचे दिसते.

मग सप्टेंबर १९४८ ची पोलीस कारवाई झाली. १९४९ च्या सुरुवातीला सर्फ-ए-खास सरकारात विलीन झाले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जागीर निर्मूलनाचा विनियम आला. तो '१३५८ फसली' या सालानेच ओळखला जातो. जागीर गेली, तशी तिची कचेरी आणि तिचे न्यायालयही गेले. मराठवाड्यात एका झटक्यात इतकी न्यायालये नाहीशी होण्याचा प्रसंग दुसरा मला माहीत नाही, आणि तरीही त्याची आठवण कुणी ठेवली नाही. याचे कारण उघड आहे. लोकांच्या दृष्टीने ते रझाकारांच्या दहशतीतून सुटण्याचे, वेठबिगार आणि जागिरदाराचा जाच संपण्याचे दिवस होते. जागिरदाराचा मुन्सिफ गेला म्हणून कोण रडणार? आणि रडू नयेच. पण त्या न्यायालयांच्या कपाटांत गरीब कुळांचे, विधवांचे, धाकट्या भावांचे हुकूमनामेही होते. जागिरदाराचे राज्य गेले ते फार बरे झाले. त्या कपाटांची मोजदाद करून, यादी करून ती पुढच्या न्यायालयाच्या हवाली नीट झाली असती, तर आज तुमच्यासारख्यांची एवढी पायपीट झाली नसती.

पुढे १ एप्रिल १९५१ ला भारताची दिवाणी प्रक्रिया संहिता हैदराबाद राज्याला लागू झाली. तोपर्यंत तिथे १३२३ फसलीची हैदराबादची स्वतःची संहिता होती. तुमचा हुकूमनामा त्या जुन्या संहितेखालचा आहे. १९५४ मध्ये हैदराबाद दिवाणी न्यायालये कायदा झाला. मराठवाडा मुंबई राज्यात आल्यानंतर तोही गेला आणि मुंबईचा १८६९ चा कायदा लागू झाला. मुन्सिफाचा झाला दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर. खुर्ची तीच, कधी इमारतही तीच, नाव मात्र बदलले. म्हणून एखाद्या गावचे 'मुन्सिफ कोर्ट बंद पडले' असे लोक सांगतात तेव्हा मी आधी तपासतो, की खरेच बंद पडले की नुसती पाटी बदलली.

आता सीमेचा भाग. तुमच्या बाबतीत खरी गुंतागुंत इथे आहे. निलंगा, उदगीर आणि अहमदपूर हे तालुके १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते. राज्य पुनर्रचनेत बिदर शहर म्हैसूर राज्यात गेले आणि हे तीन तालुके उस्मानाबाद जिल्ह्यात आले. १९८२ च्या ऑगस्टमध्ये लातूर जिल्हा झाला, तेव्हा ते लातुरात आले. म्हणजे तुमच्या आजोबांनी जागा सोडली नाही, जमीन हलली नाही, आणि तरी त्यांच्या दाव्याचा जिल्हा तीनदा ठरला. प्रत्येक वेळी बैलगाडीतून, मालमोटारीतून गठ्ठे हलले. काही हललेच नाहीत. असेच किनवटचे. ते आदिलाबाद जिल्ह्यात होते, नांदेडला आले. उलट देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळे आणि मुधोळ, भैंसा हा भाग नांदेड जिल्ह्यातून तेलंगणाच्या बाजूला गेला. त्या भागातल्या मराठी कुटुंबांचे जुने दावे नांदेडच्या गठ्ठ्यांत सापडले तर नवल नाही.

वरच्या न्यायालयाचेही हेच. १९५६ पर्यंत अपील हैदराबादला जायचे. त्या नोव्हेंबरात चालू असलेली मराठवाड्याची प्रकरणे मुंबईला वर्ग झाली. नांदेड, परभणीचा पक्षकार मीटरगेजच्या गाडीने मनमाडला यायचा, तिथे गाडी बदलून मुंबई गाठायचा आणि पेशी पुढे ढकलली की तसाच परत. पाव शतक हे चालले. २७ ऑगस्ट १९८१ ला औरंगाबादला उच्च न्यायालयाचे पीठ बसू लागले, त्यालाही आव्हान दिले गेले आणि १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पिठाच्या बाजूने निकाल दिला. तुमच्या दाव्यात पुढे अपील झाले असेल, तर त्याची नोंद या तीन ठिकाणांपैकी कुठे असेल ते अपिलाच्या सालावरून ठरेल.

तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर: मोहर जागिरीच्या न्यायालयाची असेल तर ते १९४९ मध्ये जागिरीबरोबर संपले. 'बंद करण्यात येत आहे' असा त्या एका न्यायालयाचा वेगळा आदेश शोधत बसू नका. सरकारी न्यायालयांच्या बाबतीतही असा आदेश क्वचितच असतो. न्यायालय कुठे बसेल आणि त्याची हद्द कोणती, हे राज्य सरकार अधिसूचनेने ठरवते. हद्द बदलली, बसण्याचे ठिकाण काढून घेतले, की न्यायालय गेले. हैदराबाद राज्यातली अशी अधिसूचना जरीदा या उर्दू राजपत्रात, पुढची मुंबई आणि महाराष्ट्राच्या राजपत्रात.

काही न्यायालये याहूनही गुपचूप जातात. १८६९ च्या कायद्यात एका न्यायाधीशाला एकाहून अधिक ठिकाणी बसता येते आणि कोणत्या ठिकाणी कोणते वार, ते जिल्हा न्यायाधीश ठरवतात. ही फार चांगली सोय होती. आडबाजूच्या गावी आठवड्याचे दोन दिवस न्यायाधीश येत, बाजाराचा दिवस साधला जाई, माणूस बी-बियाणे घेई आणि पेशीही करी. मग कधी इमारत गळायला लागते, कधी न्यायाधीशाची जागा रिकामी राहते, कधी मोठ्या गावच्या वकिलांना तिकडे जाणे जड जाते. दोन दिवसांचा एक होतो, एकाचा महिन्यातून एक होतो, आणि एका दिवाळीच्या सुट्टीनंतर कुणीच येत नाही.

अशा एका न्यायालयाचा शेवट मी स्वतः पाहिला आहे. गावाचे नाव सांगत नाही. माझ्याकडे नंतर आलेला एक म्हातारा प्रतिवादी नेहमीच्या वारी, नेहमीसारखा धोतराच्या सोग्यात दशमी बांधून गेला. दाराला कुलूप आणि कुलपाच्या वर एक कागद चिकटवलेला. त्याला वाचता येत नव्हते. चहावाल्याने सांगितले, "साहेब येत नाहीत आता." त्याला वाटले, दावा संपला. घरी जाऊन त्याने घरच्यांना तसेच सांगितले. प्रत्यक्षात दावा बेचाळीस किलोमीटरवरच्या न्यायालयात वर्ग झाला होता, त्याला नवा क्रमांक मिळाला होता, आणि तिथे पुकारा झाला तेव्हा हा हजर नव्हता. एकतर्फी हुकूमनामा झाला. त्याला कळले ते बेलीफ शेताच्या धुऱ्यावर येऊन उभा राहिला तेव्हा. एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्याच्या अर्जाची मुदत तीस दिवसांची असते. वर्ग झाल्याची नोटीस त्याला बजावलेलीच नव्हती हे रोजनाम्यावरून दाखवता आले, म्हणून विलंब माफ झाला आणि दावा पुन्हा उभा राहिला. पण त्याला दोन वर्षे लागली, आणि त्या दोन वर्षांत तो खचला. कागदोपत्री त्या न्यायालयाचे काम पूर्णपणे दुसऱ्याकडे गेले होते, कायद्याची काहीच तक्रार नव्हती. त्या माणसाचा रस्ता मात्र तुटला होता. म्हणून मी माझ्या प्रत्येक पक्षकाराला सांगतो: न्यायालयाला कुलूप दिसले तर घरी जाऊ नका, जिल्हा न्यायालयात जा. आता सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक मोबाइलवर टाकला की दावा कुठे आहे ते दिसते. तो क्रमांक घरातल्या शिकलेल्या पोराकडे लिहून ठेवा.

मराठवाड्यात न्यायालये नुसती बंदच होत गेली असे म्हटले तर ते खोटे ठरेल. तालुक्याच्या ठिकाणची न्यायालये वाढली. अंबाजोगाई, उदगीर, बिलोली, वैजापूर इथे जिल्हा न्यायाधीशांची न्यायालये बसतात आणि त्या भागातल्या लोकांचा जिल्ह्याच्या गावचा हेलपाटा वाचतो. पण तालुका आधी होतो, तहसील आधी येते, न्यायालय मागून, कधी कितीतरी वर्षांनी. नवा महसुली जिल्हा झाला की त्याच दिवशी न्यायिक जिल्हा होतो असेही नाही. त्यामुळे सातबारावरचा जिल्हा पाहून रेकॉर्ड रूम ठरवू नका. विचारून घ्या.

आणखी एक बंद होणे आहे, ज्याला कुलूपही दिसत नाही. इमारत आहे, न्यायाधीश आहेत, पण काम काढून घेतलेले आहे. आपल्याकडे याची सुरुवात फार लवकर झाली. १९५० च्या हैदराबाद कुळवहिवाट कायद्याने कुळाचे प्रश्न दिवाणी न्यायालयाकडून तहसीलदाराकडे गेले. १९५२ च्या अतियात चौकशी कायद्याने इनामांचे वारस ठरवणे अतियात न्यायालयाकडे. सहकारी संस्थांचे वाद १९६० च्या कायद्याने सहकार न्यायालयाकडे, वक्फ मिळकतीचे १९९५ च्या कायद्याने न्यायाधिकरणाकडे, बँकांची मोठी कर्जे कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे. शेतरस्ता अडवला तर मामलेदार न्यायालय कायदा, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे जायचे. यातले काही योग्यच होते. कुळाला दिवाणी दाव्याच्या खर्चात लोटणे हा अन्यायच झाला असता, आणि शेतरस्त्याचा निकाल पेरणीआधी लागला पाहिजे. पण वक्फ किंवा बँकेच्या प्रकरणासाठी किनवटच्या माणसाने छत्रपती संभाजीनगर गाठायचे, हे त्याच्यासाठी न्यायालय बंद होण्यासारखेच आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात न्यायपंचायतीचे प्रकरण होते, ते पुढे वगळले गेले. २००८ चा ग्रामन्यायालय कायदा २ ऑक्टोबर २००९ पासून लागू आहे आणि त्यात न्यायाधिकाऱ्याने गावी जाऊन बसण्याची तरतूद आहे. माझे मत विचाराल तर फिरत्या बैठकीची ती जुनी पद्धत नीट चालवली असती, तर नव्या कायद्याची गरज कमी भासली असती.

आता तुमच्या कामाकडे.

आधी कागद वाचून घ्या, आणि तो नुसती उर्दू येणाऱ्याकडून नको. त्या वेळचे कारकून शिकस्ता वळणात लिहीत, आणि रकमा व क्षेत्र कधी कधी सियाक पद्धतीने. जुने महसुली कागद वाचणारी माणसे कमी राहिली आहेत, पण २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींसाठी निजामकालीन दप्तरे तपासायला घेतली तेव्हापासून जिल्हाधिकारी कार्यालयांना उर्दू आणि मोडी वाचकांचा पत्ता माहीत आहे. तिथे विचारा. भाषांतर करणाऱ्याचे प्रतिज्ञापत्र घ्या, नाहीतर न्यायालयात ते भाषांतर टिकणार नाही. रक्कम लिहिली असेल तर ती हाली शिक्क्यात, म्हणजे निजामाच्या रुपयात, असेल. सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये. हे फक्त समजण्यासाठी, आज त्यावरून वाद होत नाही.

मग प्रमाणित नक्कल. दाव्याचा क्रमांक, साल आणि पक्षकारांची नावे घेऊन आधी निलंग्याच्या, नंतर लातूरच्या जिल्हा न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज द्या. तिथे नोंद नसेल तर धाराशिव. तिथेही नसेल तर बिदर. जागिरींची दप्तरे हैदराबादला तारनाक्याच्या राज्य पुराभिलेखागारातही आहेत, तिकडे एक अर्ज जाऊ द्या. गठ्ठ्यांवर जुनीच गावनावे असतात हे विसरू नका. अंबाजोगाईचे एक प्रकरण मी दोन दिवस शोधत होतो आणि ते 'मोमिनाबाद' लिहिलेल्या गठ्ठ्यात समोरच पडले होते. न्यायालयीन मिसलीची नक्कल माहितीच्या अधिकारात मागू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे की ती उच्च न्यायालयाच्या नक्कल नियमांनीच मिळते. माहितीचा अधिकार वापरा तो गठ्ठे कधी, कुठून, कुठे गेले त्या याद्यांसाठी.

कागद सापडला नाही, तर 'सापडत नाही' एवढे तोंडी ऐकून परतू नका. लेखी घ्या. जुन्या मिसलींचे सगळे कागद कायम ठेवत नाहीत, मुदतीनंतर काही कायदेशीररीत्याच नष्ट करतात. तसा लेखी शेरा मिळाला की तुमच्या पेटीतली प्रत दुय्यम पुरावा म्हणून पुढे करता येते, आणि तीस वर्षांपेक्षा जुना कागद योग्य माणसाच्या ताब्यातून आला तर न्यायालय तो खरा असल्याचे गृहीत धरू शकते. म्हणून मूळ कागद पेटीतच राहू द्या, लॅमिनेशन करू नका आणि कुणाच्या हाती देऊ नका. मलाही देऊ नका. स्कॅन पुरते.

आणि या सगळ्याच्याही आधी तहसीलमधून १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक काढा. मराठवाड्यात जमिनीचा वाद त्या पत्रकाशिवाय चालतच नाही. हुकूमनामा १९४६-४७ चा. त्यानंतर सातआठ वर्षांनी झालेल्या पाहणीत तुमच्या आजोबांचे नाव स्वतंत्र तिसऱ्या हिश्श्यावर, स्वतंत्र वहिवाटीसह असेल, तर हुकूमनाम्याची अंमलबजावणी तेव्हाच झाली. मग बजावणीचा प्रश्नच उरत नाही. तो तुमच्या मालकीचा पाया म्हणून वापरायचा, आणि भावकी पुन्हा तोच वाद उकरू लागली तर दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ११ त्यांना आडवे येते. एकदा ठरलेला वाद त्याच पक्षकारांच्या वारसांत पुन्हा चालत नाही.

नाव एकत्र असेल, वहिवाटही सामाईक असेल, तर हुकूमनाम्याचे शब्द पाहावे लागतील. त्यात फक्त हिस्से ठरवले असतील आणि प्रत्यक्ष तुकडे पाडलेले नसतील, तर तो प्राथमिक हुकूमनामा आहे आणि दावा कायद्याच्या नजरेत अजून संपलेला नाही. अंतिम हुकूमनाम्यासाठीच्या अर्जाला मुदतीची आडकाठी नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये शुभकरण बुबना यांच्या प्रकरणात सांगितले आहे. मधल्या काळात माणसे वारली, हिस्से बदलले, तरी अंतिम हुकूमनाम्याआधी ते दुरुस्त होतात. सारा भरणाऱ्या जमिनीचे तुकडे मग त्याच संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत, म्हणजे व्यवहारात तहसील आणि भूमी अभिलेखच्या मोजणीतून पडतात.

पण हुकूमनामा अंतिम असेल, त्यात गट ठरवून ताबा द्यायला सांगितले असेल, आणि तो ताबा आजोबांनी कधी घेतलाच नसेल, तर मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. बजावणीची मुदत बारा वर्षांची आहे, ती केव्हाच गेली. भावकीचा ताबा उघड आणि तुमचा हक्क नाकारून इतकी वर्षे असेल, तर ते प्रतिकूल ताब्याचा, म्हणजे 'इतकी वर्षे ताबा आमचा, म्हणून जमीन आमची' असा, बचाव घेतील. त्या वेळी न्यायालय उठल्यामुळे आजोबा दरखास्त, म्हणजे बजावणीचा अर्ज, लावू शकले नाहीत, असे म्हणायचा मोह होईल. ते टिकणार नाही, कारण १९५१ पासून कलम ३७ इथे लागू होते आणि दुसरे दार उघडे होते. त्यांना ते कुणी दाखवले नाही, ही वेगळी गोष्ट. ती मला फार लागते, पण तिच्यावर दरखास्त मंजूर होत नाही.

तेव्हा या तीनपैकी तुम्ही कुठे आहात ते कागदच सांगेल. तुम्ही पाठवलेला फोटो पुढच्या बाजूचा आहे. हुकूमनाम्याच्या मागे बजावणीचे शेरे असत: ताबा दिल्याची तारीख, पंचांचे अंगठे, शिपायाची सही. पेटी उघडा, कागद उलटा करा आणि मागे दोन ओळी आहेत का ते आधी पाहा. असतील तर निलंग्याला जाण्याआधी खासरा पत्रक आणि त्या दोन ओळी शेजारी ठेवून वकिलाला दाखवा.